दूर म्हणजे किती

डॉक्टर म्हणाले, चुंबकापासून दूर राहायचं. थोरलीने विचारलं, दूर म्हणजे किती? डॉक्टर म्हणाले, "दूर म्हणजे दूर."

एवढं शिकून माणूस एवढंच बोलणार असेल तर त्याने पाटीवर लिहून ती दारात टांगावी आणि खुशाल घरी झोपावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण शेजारी कॉटवर तिचे वडील, आबा, बसले होते. त्यांच्या डाव्या खांद्याखाली पट्टी होती, पट्टीखाली नवीन बसवलेलं यंत्र होतं, आणि ते यंत्र त्यांच्या आळशी झालेल्या हृदयाला टोचून टोचून कामाला लावत होतं. थोरलीने राग गिळला आणि पुन्हा समजावून सांगितलं. आमचा कारखाना घरातच आहे. पुढच्या खोलीत आम्ही कॉइली गुंडाळतो, क्रेनचा ब्रेक ओढून सोडवतात त्या, चांगल्या लोट्याएवढ्या. आबांची खुर्ची त्याच खोलीत आहे. वीतभर लांब बसले तर चालेल, की भिंतीपलीकडे बसवू, की गावाबाहेर नेऊन ठेवू? डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, रिस्क घेऊ नका म्हणाले आणि पुढच्या पेशंटच्या कॉटकडे वळले.

रिस्क घेऊ नका. बोलणाऱ्याला हे शब्द फुकट पडतात, घर मोडायचं असतं ऐकणाऱ्याने.

कारण अर्थ सरळ होता. एकतर कारखाना घरातून जाणार, नाहीतर आबा. कारखान्याला दुसरी जागा नव्हती. आबांना होती. धाकट्या भावाच्या पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये भावजयीने मागची खोली झाडूनपुसून ठेवली होती, खिडकीला नवे पडदेसुद्धा लावले होते. बाई मनाने वाईट नव्हती. डॉक्टर दूर म्हणाले ना, मग दूर, एवढं तिचं साधं गणित होतं. पण आबा मागे एकदा तिथे राहायला गेले होते तेव्हा तिसऱ्या दिवशी त्यांनी चालू स्थितीतला पंखा उतरवून उघडला होता, कारण हाताला दुसरं कामच नव्हतं. भावजयीने कपाळाला हात लावला. आबा म्हणाले, आवाज बरोबर येत नव्हता. आवाज अगदी बरोबर येत होता.

थोरलीला ठाऊक होतं. पाचव्या मजल्यावर आबांचं हृदय नीट चालेल, आणि आबा बंद पडतील.

दवाखान्यातून आबा अजून घरी यायचे होते त्या दिवसांतली गोष्ट. ती वाइंडिंगच्या यंत्रावर बसली होती. तारेचं रीळ संपलं होतं. जोड नीट बसावा म्हणून यंत्राचा दांडा उलटा टाकून तिने चारसहा वेढे मागे घेतले, नव्या तारेला सोल्डरचा डाग दिला, आणि तेवढ्यात धाकटा आला. तो कॉलेजात फिजिक्स शिकवतो. दारातून आत येता येताच त्याने निकाल दिला.

"ताई, तू उगाच डोक्याला ताप करून घेतेस. सोलेनॉइडच्या बाहेर चुंबकक्षेत्र शून्य असतं. बारावीच्या पुस्तकात आहे."

थोरली हातातलं काम टाकून उठली. पुस्तकातलं सोलेनॉइड किती लांब असतं, तिने विचारलं. तो म्हणाला, अनंत लांबीचं धरतात. मग तिने टेबलावरची कॉइल उचलून त्याच्या नाकासमोर धरली आणि म्हणाली, "हे घे अनंत. वर रंग द्यायचा राहिलाय."

धाकटा हसला नाही. तो म्हणाला, तरी बाहेर फारसं नसतंच, जवळजवळ शून्य. आणि इथे थोरलीचा पारा चढला. जवळजवळ म्हणजे किती? डॉक्टरांचं दूर, याचं जवळजवळ. एकाचं दूर आणि एकाचं जवळ, आणि दोघांमध्ये तिचा बाप लटकलेला. आत जेवढं चुंबकत्व एका तोंडातून शिरतं तेवढं दुसऱ्या तोंडातून बाहेर पडून वळसा घालून परत यायला नको का? ते वळसा घेतं कुठून, तुझ्या डोक्यातून? तशी तिथे जागा रिकामीच दिसते. असं बरंच बोलणं झालं. धाकट्यानेही ऐकवलं की डिप्लोमावाल्यांना सूत्र पाठ असतं, अर्थ माहीत नसतो. बऱ्याच वेळाने दोघं दमले. तो निघून गेला, ती पुन्हा यंत्रावर बसली, पायाखालचं पॅडल रागारागाने दाबलं आणि उरलेली कॉइल पुरी करून टाकली.

मग तिने स्वतःच आकडे मांडले. कॉइल लांबून पाहिली तर एखाद्या लहानशा लोहचुंबकासारखीच वागते. वेढे गुणिले करंट गुणिले तोंडाचं क्षेत्रफळ, ही तिची ताकद. त्या ताकदीला अंतराच्या घनाने भागायचं. म्हणजे अंतर दुप्पट केलं की क्षेत्र आठपट कमी. वेढे तिनेच घातलेले, करंट तिच्याच सप्लायच्या डब्यावर दिसणारा, तोंड पट्टीने मोजलेलं. राहिली मर्यादा. त्यासाठी तिने ज्या कंपनीचं यंत्र आबांच्या छातीत होतं तिच्या माणसाला फोन लावला. तीनदा चुकीच्या माणसाकडे गेला, चौथा माणूस बरा निघाला. त्याने एका दमात सांगितलं, पाच गॉस. क्षेत्र त्याच्या आत असलं तर काही होत नाही. त्याच्यावर गेलं तर यंत्र हृदयाचं ऐकणं सोडून देतं आणि आपल्याच ठेक्यावर ठोकत बसतं.

"आमच्या घरात सगळ्यांना तेच यंत्र बसवलंय," थोरली म्हणाली. फोनवरच्या माणसाला काही कळलं नाही.

उत्तर आलं वीतभर. कॉइलच्या तोंडापासून वीतभर लांब गेलं की पाच गॉसच्या खाली. तिने दोनदा करून पाहिलं, वीतभरच. तिला इतका आनंद झाला की तिने धाकट्याला फोन करून बोलावून घेतलं. भांडण झालं असलं तरी घरात आकड्यांवर मान डोलावणारा तोच एक होता. धाकट्याने कागद पाहिला, चष्मा वर केला, पुन्हा पाहिला.

"गाभा कुठेय?" तो म्हणाला.

लोखंडी गाभा तिने धरलाच नव्हता. आणि हा विसर कुठल्या पुस्तकी माणसाला पडला नसता, तिलाच पडला, कारण या घरात तार गुंडाळायची थोरलीने आणि गाभा बसवायचा आबांनी, अशी कामं वाटलेली होती. कॉइल म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे पोकळ बॉबिनच यायची. गाभा ही आबांची गोष्ट. आबा दवाखान्यात होते म्हणून गणितातही ते लोखंड गैरहजर राहिलं. धाकट्याने हिशोब केला, एवढ्या आखूड गाभ्याने ताकद साधारण दहापट होते. थोरलीने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. दहापट म्हणजे दहा वीत, म्हणजे खोलीच संपली.

"दहापट ताकद, दहापट अंतर नव्हे," धाकटा म्हणाला. "घन आहे ना? घनमूळ काढ."

दहाचं घनमूळ दोनाच्या थोडं वर. वीतभराचं हातभर झालं. थोरलीने एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद उडाला. धाकट्याचं बरोबर होतं, हे तिला मान्य करावं लागलं. तिने ते पाणी देताना तोंड फिरवून मान्य केलं.

आणि धाकटाही दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या प्रयोगशाळेतली चुंबकसूची घेऊन आला, स्वतःचं शून्य तपासायला. गाभा घातलेली एक जुनी, खात्रीची कॉइल त्यांनी पूर्व-पश्चिम ठेवली, तिच्या तोंडासमोर दोन हातांपेक्षा थोडं पुढे लाकडी स्टुलावर सूची ठेवली आणि करंट दिला. उत्तरेला तोंड करून बसलेला काटा वळला आणि अर्ध्या काटकोनात जाऊन उभा राहिला. म्हणजे तेवढ्या लांबही कॉइलचा जोर पृथ्वीच्या जोराएवढा होता. ते पाच गॉसच्या पासंगालाही पुरत नव्हतं, छातीतल्या यंत्राला त्याचा पत्ताही लागला नसता. पण शून्य नव्हतं. धाकट्याने स्विच बंद केला, चालू केला, पुन्हा बंद केला. मग म्हणाला, "मी पोरांना दरवर्षी शून्य शिकवतो." थोरलीने त्याला चहा दिला. त्या दिवशी दोघांचं बरं चाललं होतं.

हातभराऐवजी सुरक्षितपणासाठी त्यांनी दोन हात अंतर धरलं. जमिनीवर पिवळी चिकटपट्टी मारली. आबांची वेताची खुर्ची पट्टीच्या पलीकडे. थोरली आकडे घेऊन डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी कागदाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, हे असं असेल तर हरकत नाही. हेच वाक्य आधी बोलायला त्यांच्या तीर्थरूपांचं काय जात होतं, हे तिने बाहेर आल्यावर जिन्याला विचारलं.

आबा घरी आले. पिवळी पट्टी पाहिली. खुर्चीत बसले. आबा गप्प बसले की थोरलीने ओळखायला हवं होतं, पण ती आत भाजी फोडणीला टाकायला गेली. परत आली तर खुर्ची रिकामी. आबा टेबलावर ओणवे झालेले, पुढ्यात गाभा घातलेली कॉइल, एका हातात दोरा, दोऱ्याला लोंबणारा एक स्क्रू, दुसरा हात सप्लायच्या बटणाकडे निघालेला. छाती कॉइलपासून वीतभरावर. थोरलीने बटण नव्हे, भिंतीतली पिनच उपटली. आबांना तिचा धक्का लागला, स्क्रू खाली पडून टेबलाखाली गेला.

"मरायचंय का तुम्हाला?" ती ओरडली.

"कॉइल तपासायचीय," आबा म्हणाले. "तू तपासलीस?"

"मीटर लावलाय मी सगळ्यांना."

"मीटर तार मोजतो. ओढ कोण मोजणार?"

ही आबांची जन्माची रीत. प्रत्येक कॉइल गाभ्यासकट चालू करायची आणि टेबलावर कोरलेल्या खुणेवर, तोंडापासून वीतभर, दोऱ्याला स्क्रू लोंबता धरायचा. दोरा जेवढा कलायला हवा तेवढा कलला की कॉइल पास. कल केसभर असतो, म्हणून डोळे जवळ न्यावे लागतात, आणि डोळ्यांमागून छाती येतेच, ती काही खुंटीला अडकवून ठेवता येत नाही. थोरलीने मनातल्या मनात भागाकार केला. वीतभरावर, गाभ्यासकट, पन्नास गॉस. मर्यादेच्या दहापट. दोन हातांचा हिशोब तिने खुर्चीसाठी केला, पण आबा खुर्चीत कधी बसले होते? आयुष्यभर ते खुणेवर ओणवेच होते. तिने आणि धाकट्याने मिळून रिकाम्या खुर्चीचा जीव वाचवला होता.

बरं, ती म्हणाली, मग स्क्रू पट्टीवर धरू. कॉइल इथे, तुम्ही तिथे, दोरा तुमच्या हातात, दोन हातांवर. आबा टेबलाखालचा स्क्रू काढून पट्टीमागे जाऊन उभे राहिले. दोरा धरला. थोरलीने पिन लावली, बटण दाबलं. स्क्रू ढिम्म. तिने करंट वाढवला. कॉइल तापायला लागली, वार्निशचा वास सुटला, स्क्रू ढिम्म. आबा दोन पावलं पुढे आले तेव्हा ती पुन्हा ओरडली आणि तिने बटण बंद केलं.

धाकट्याला फोन लावला. त्याने वर्गाबाहेर येऊन ऐकून घेतलं. मग तो म्हणाला की काट्याचं वेगळं आणि स्क्रूचं वेगळं. काटा मुळातच चुंबक आहे, त्याला वळायला नुसतं क्षेत्र पुरतं. स्क्रू साधं लोखंड, त्याला आधी क्षेत्राने चुंबक करायचं आणि मग ओढायचं, आणि ओढ लागते ती क्षेत्र जागोजागी किती बदलतं त्यावर. घन, पुन्हा घन आणि वर आणखी एक. अंतराचा सातवा घात. अंतर दुप्पट केलं तर ओढ सव्वाशे पटीने खाली.

"म्हणजे जिथे आबांची छाती सुरक्षित, तिथे स्क्रू मेलेला," थोरली म्हणाली.

"आणि करंट वाढवलास तर छातीची रेघही मागे सरकणार."

तिने फोन आपटला. आकडे बरोबर होते, हीच पंचाईत होती. चुकीच्या आकड्याशी भांडता येतं, दामटून त्याला वळवता येतं. बरोबर आकडा भिंतीसारखा उभा राहतो, आपटा डोकं.

आबांनी दोरा गुंडाळला, स्क्रू खिशात टाकला. मग म्हणाले, "मला धाकट्याकडे सोड."

"का?"

"इथे बसून काय करू? तू न तपासलेल्या कॉइली बाहेर धाडणार आणि मी पट्टीमागून बघणार. त्यापेक्षा तिकडचे पडदे बघतो."

ते रागाने बोलले असते तर थोरली भांडली असती. ते साधेपणाने बोलले. आत जाऊन त्यांनी पिशवी काढली, सदरे घड्या करून त्यात ठेवू लागले. भाजी करपल्याचा वास आला. थोरली चुलीपाशी गेली, कढई खाली आदळली, आणि तिथेच उभी राहिली. डॉक्टरांवर राग, पुस्तकांवर राग, सातव्या घातावर राग, आणि सगळ्यात जास्त त्या स्क्रूवर, जो पुरेसा चुंबक नव्हता. काटा मुळातच चुंबक आहे, हे धाकट्याचंच वाक्य तिच्या डोक्यात घुटमळत होतं. आणि मग ते एकदम पूर्ण झालं. काट्याला नुसतं क्षेत्र पुरतं. घन भरला की झालं, सातवा घात भरावाच लागत नाही.

तिने खिडकीतून चुंबकसूची आणली. धाकट्याने ती अजून कॉलेजात परत नेली नव्हती. पट्टीच्या थोडं मागे, त्या दिवशीच्याच जागी, स्टूल ठेवलं, स्टुलावर सूची, मागे वेताची खुर्ची. आतून आबांना हात धरून आणलं. हातात घडी घातलेला सदरा तसाच होता.

"बसा."

"मी निघालोय."

"निघा. आधी बसा."

तिने ती जुनी, खात्रीची कॉइल चालू केली. काटा अर्ध्या काटकोनात गेला, थरथरून स्थिर झाला. आबा पुढे झुकले. छातीपासून कॉइल दोन हातांच्याही पलीकडे होती आणि काटा तळहाताएवढ्या अंतरावर. तिने बंद केलं, काटा परत. चालू केलं, पुन्हा तिथेच. आबांनी सदरा मांडीवर ठेवला आणि खिशातून पेन्सिल काढून सूचीच्या काचेवर काटा थांबला तिथे खूण केली. त्यांच्या तोंडावर काही दिसलं नाही. म्हणाले, हे हाताला कळत नाही, नुसतं डोळ्यांना कळतं. मग म्हणाले, पुढची लाव.

करंट तोच ठेवून तिने नव्या कॉइली एकेक लावल्या. काटा खुणेवर आला. पुढची. खुणेवर. स्टूल जरासं हललं तेव्हा आबा खेकसले. लोखंडी कपाट शेजारून हलव म्हणाले, काटा त्याच्याकडे बघतोय. तिने कपाट ओढून कोपऱ्यात नेलं, कंबर धरली. पुढची कॉइल. काटा निघाला, आणि खुणेच्या बराच अलीकडे थांबला.

"गाभा नीट बसला नसेल," थोरली म्हणाली. तिने बसवला. काटा तिथेच. करंट पाहिला, तोच होता. मीटर लावला, तारेचा आकडा अगदी हवा तेवढाच. तिने मीटर आबांना दाखवला. आबा मीटरकडे बघतसुद्धा नव्हते.

"जोड आहे का या कॉइलमध्ये?" त्यांनी विचारलं.

होता. थोरलीला तो जोड लख्ख आठवला. रीळ संपलं होतं, चारसहा वेढे मागे घ्यायला दांडा उलटा टाकला होता, डाग दिला होता, आणि धाकटा दारातून शून्य घेऊन आला होता. मग अनंत, मग जवळजवळ, मग डिप्लोमा. आणि भांडून आल्यावर तिने दांडा न बघता पॅडल दाबलं होतं. जोडापुढचे सगळे वेढे उलट्या दिशेने गेले होते, आणि आधीच्या वेढ्यांनी कमावलेलं पुसत बसले होते. तार पुरी, मीटर खूश, ओढ अर्धवट. ही कॉइल बाहेर गेली असती तर ब्रेक पुरता सुटला नसता, घासत घासत जळाला असता, आणि कुठल्यातरी कारखान्यात कुणीतरी तिच्या बापाच्या नावाने बोटं मोडली असती.

"मध्येच भांडायला उठलीस ना?" आबा म्हणाले.

बोलण्यासारखं बरंच होतं. कुणासाठी उठले, कुणाच्या जिवासाठी रात्रंदिवस आकडे घासले, डॉक्टरांच्या दारात उभी राहिले, हे सगळं. पण आबांनी तिच्याकडे बघणं सोडून दिलं होतं. त्यांनी मांडीवरचा सदरा उलगडला, त्याच्या बाहीने सूचीची काच पुसली, खूण पुसली जाणार नाही अशी बेताने, आणि सदरा खुर्चीच्या पाठीवर टाकून दिला.

"ही उलगड," ते म्हणाले. "पुन्हा गुंडाळ. आणि धाकट्याला सांग, ही सूची मी परत देत नाही."

थोरलीने कॉइल उचलली, वरची टेप दातांनी तोडली आणि वेढे सोडायला बसली. एकेक वेढा सोडताना ती डॉक्टरांपासून सुरुवात करून सगळ्यांना शिव्या घालत होती. जोडापर्यंत यायला बराच वेळ होता, त्यामुळे कुणीही सुटलं नाही.